मान कुणाच्या हाती द्यायची?

नमस्कार डॉक्टर,

मी ३८ वर्षांची आहे. दिवसाचे आठ-नऊ तास लॅपटॉपपुढे जातात, त्यामुळे मान आखडणं मला नवीन नाही. दोन वर्षांपासून अधूनमधून दुखते, शेक घेतला की उतरते. माझी ऑफिसातली मैत्रीण कंबरदुखीसाठी कायरोप्रॅक्टरकडे (हाताने मणके दाबून, झटका देऊन उपचार करणाऱ्याकडे) गेली आणि तिसऱ्या खेपेला तिला बराच आराम पडला. तिचं ऐकून मीही पुढच्या गुरुवारची वेळ घेतली आणि मग सल्ले सुरू झाले. आमचे फॅमिली डॉक्टर म्हणाले, "जायचं तर जा, पण मानेला हात लावू देऊ नका." माझा मामेभाऊ न्यूरॉलॉजिस्ट आहे. तो फोनवर जवळजवळ ओरडलाच, "ताई, अजिबात जायचं नाही. त्यानंतर स्ट्रोक आलेले पेशंट मी पाहिलेत." मी पूर्वी ज्या फिजिओथेरपिस्टकडे जात होते त्या म्हणतात, "मी स्वतः मणक्याचं मॅनिप्युलेशन करते, म्हणजे हाताने वेगवान झटका देते. शिकलेल्या माणसाने केलं तर घाबरायचं कारण नाही." तिघंही जाणकार आणि तिघांनाही माझी काळजी. मग एवढा फरक का? मी कुणाचं ऐकू?

आईलाही (वय ६९) सोबत न्यायचं मनात आहे. तिची पाठ दुखते. हाडं ठिसूळ झाल्याचं निदान आहे, आणि हृदयाचे ठोके अनियमित असल्याने रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे. तिला चालेल ना?

ता. क. गेल्या आठ दिवसांपासून मानेच्या उजव्या बाजूला आणि डोक्याच्या मागे वेगळंच दुखतंय. असं आधी कधी दुखलं नव्हतं. गुरुवारी तेही दाखवीन म्हणते.

संभ्रमात पडलेली एक वाचक

---

तुमच्या पत्रातलं सगळ्यांत महत्त्वाचं वाक्य तुम्ही ताजा कलमात लिहिलंत. सदरातलं उत्तर छापून यायला पंधरवडा जातो, आणि त्या वाक्याला तेवढी उसंत नव्हती. म्हणून पत्र वाचलं त्याच संध्याकाळी तुम्हाला निरोप धाडला: गुरुवारची वाट पाहू नका, आजच मामेभावाला फोन करा आणि मानेच्या रक्तवाहिन्या तपासून घ्या. तुम्ही लगेच गेलात. धमन्या ठीक आहेत, दुखणं स्नायूंचं आणि सांध्यांचं आहे असं निघालं. तुमचा तसा उलट निरोप आला तेव्हा मला खरंच हायसं वाटलं. आता बाकीचं सावकाश बोलू. पण मी एवढी का घाबरले ते आधी सांगते, कारण तुमच्या तिघा जाणकारांच्या मतभेदाचं मूळही तिथेच आहे.

मेंदूला रक्त नेणाऱ्या चार मोठ्या धमन्या मानेतून वर जातात. दोन पुढच्या बाजूने, त्या कॅरोटिड. दोन मागच्या बाजूने, त्या व्हर्टिब्रल. या मागच्या दोघी मानेच्या सहाव्या मणक्यापासून पहिल्यापर्यंत मणक्यांच्या भोकांतून ओवल्यासारख्या चढतात आणि अगदी वरच्या मणक्याशी एक मोठं वळण घेऊन कवटीत शिरतात. आपण मान डावी-उजवीकडे फिरवतो तेव्हा जवळपास निम्मी हालचाल वरच्या दोन मणक्यांमध्येच होते. म्हणजे धमनीचं वळण जिथे आहे, मान तिथेच सगळ्यांत जास्त फिरते.

कधीकधी अशा धमनीच्या आतल्या अस्तराला चीर पडते. रक्त भिंतीच्या थरांमध्ये घुसतं, तिथे गुठळी धरते, आणि त्या गुठळीचा तुकडा सुटून मेंदूत अडकला की स्ट्रोक येतो. वैद्यकात याला डिसेक्शन म्हणतात. वर्षाला लाखात तीनेक माणसांना ते होतं, म्हणजे दुर्मीळच. पण तरुण आणि मध्यम वयातल्या स्ट्रोकच्या कारणांत त्याचा नंबर बराच वर लागतो. चीर पडायला मोठा अपघात व्हावा लागतो असंही नाही. जोराचा खोकला, गाडीला बसलेला छोटा धक्का, बराच वेळ मान वर करून केलेलं काम एवढंही पुरतं, आणि काही वेळा कारण सापडतच नाही. तिचं पहिलं लक्षण पुष्कळदा एवढंच असतं की मान दुखते, डोक्याच्या मागे दुखतं, बहुधा एकाच बाजूला, आणि माणूस म्हणतो, "असं आधी कधी दुखलं नव्हतं." स्ट्रोक आलाच तर त्यानंतर काही तासांनी येतो, काही दिवसांनी येतो.

तुमचं वाक्य जसंच्या तसं हेच होतं.

हे सगळं मला विद्यार्थिदशेपासून पाठ होतं, पण अंगी बाणलं ते एका चुकीनंतर. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे चाळिशीतला एक गृहस्थ आला. डावीकडे मान दुखतेय, झोपेत अवघडली असेल, असं तोच म्हणाला. मी मान चाचपली, स्नायू कडक लागला, हातापायांची ताकद पाहिली, ती चांगली होती. वेदनाशामक गोळी लिहून दिली, शेक सांगितला. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याला एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या आणि घोट गिळता येईना. व्हर्टिब्रल धमनीला चीर होती. पुढे तो सावरला, आज हिंडतो-फिरतो, पण "असं आधी कधी दुखलं होतं का?" हा साधा प्रश्न मी विचारला नव्हता, हे मी विसरू शकत नाही. त्याच्या मानेला कुणीही झटका दिलेला नव्हता. मात्र त्या दिवशी तो माझ्याऐवजी एखाद्या कायरोप्रॅक्टरकडे गेला असता, तर पुढे जे घडलं त्याचा दोष आम्ही सगळ्यांनी डोळे झाकून त्या कायरोप्रॅक्टरला दिला असता. मीसुद्धा दिला असता.

कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतातल्या संशोधकांनी नेमका हाच गुंता सोडवायचा प्रयत्न केला. तिथल्याच २००१ सालच्या एका अभ्यासात असं दिसलं होतं की मागच्या धमन्यांचा स्ट्रोक आलेल्या पंचेचाळिशीच्या आतल्या माणसांमध्ये, आधीच्या आठवड्यात कायरोप्रॅक्टरकडे गेलेल्यांचं प्रमाण इतरांच्या पाचपट होतं. आकडा भीतीदायक होता. मग २००८ मध्ये दुसरा, मोठा अभ्यास आला. नऊ वर्षांत त्या प्रांतात अशा स्ट्रोकने रुग्णालयात दाखल झालेले ८१८ पेशंट त्यांनी घेतले आणि जास्तीचा एक प्रश्न विचारला: हे लोक त्या दिवसांत फॅमिली डॉक्टरकडेही गेले होते का? तर गेले होते, आणि तिथेही संबंध तसाच दिसला. फॅमिली डॉक्टर काही कुणाची मान पिळत नाहीत. म्हणून संशोधकांनी अर्थ असा लावला की चीर आधी पडलेली असते, तिच्यामुळे मान दुखते, ती दुखते म्हणून माणूस कुणाकडे तरी जातो, आणि स्ट्रोक नंतर येतो.

हा अभ्यास कायरोप्रॅक्टर मंडळी नेहमी पुढे करतात, आणि मलाही तो मोलाचा वाटतो. पण त्यावर सगळं सोडून देता येत नाही. तो रुग्णालयांच्या आणि बिलांच्या नोंदींवर उभा आहे. त्या नोंदींत निदानाचा सांकेतिक आकडा असतो, पण त्यावरून खरोखर धमनीला चीर होती की स्ट्रोक वेगळ्याच कारणाने आला, हे नीट वेगळं काढता येत नाही. शिवाय टेबलावर असतानाच, झटका बसल्या क्षणी भोवळ आली, बोलणं अडखळलं, अशा घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. त्यांना योगायोग म्हणणं मला जमत नाही.

आता तुमच्या तिघांकडे येऊ.

तुमच्या मामेभावाच्या वॉर्डात कोण येतं? ज्यांचं बिघडलं ते. मानेला झटका घेऊन समाधानाने घरी गेलेला माणूस न्यूरॉलॉजिस्टला कधी भेटतच नाही. त्याचं ओरडणं अतिशयोक्त म्हणून सोडून देऊ नका. पस्तिशीतल्या बाईला आयुष्यभराचं अपंगत्व आलेलं एकदा पाहिलं की तो चेहरा जात नाही. २००२ साली कॅनडातल्या ६२ न्यूरॉलॉजिस्टनी मिळून मानेच्या मॅनिप्युलेशनविरुद्ध जाहीर इशारा दिला होता, तो अशाच अनुभवांतून. ब्रिटनमधल्या न्यूरॉलॉजिस्टना २००१ च्या एका पाहणीत विचारलं गेलं, की मागच्या वर्षभरात मानेचं मॅनिप्युलेशन झाल्यावर २४ तासांच्या आत मज्जासंस्थेची गुंतागुंत झालेले किती पेशंट पाहिलेत? ३५ घटना पुढे आल्या. त्यांतली एकही तोवर कुठे छापून आली नव्हती. म्हणजे आपण ज्या दुर्घटना मोजतो त्या पाण्यावर दिसणाऱ्या तेवढ्याच.

तुमच्या फिजिओथेरपिस्टबाईंना दिसतं ते याच्या अगदी उलट. शेकडो माना, शेकडो पाठी, आणि एकही अनर्थ नाही. त्याही खोटं बोलत नाहीत. ब्रिटनमध्ये कायरोप्रॅक्टरांनीच केलेल्या २००७ च्या मोठ्या पाहणीत १९,७२२ पेशंटांच्या मानेवरची ५०,२७६ मॅनिप्युलेशनं नोंदली गेली आणि एकही गंभीर दुर्घटना आढळली नाही. पण इथे गणित समजून घ्या. पन्नास हजारांत शून्य घटना दिसल्या, याचा अर्थ धोका शून्य असा होत नाही. संख्याशास्त्राच्या हिशेबाने त्याचा अर्थ एवढाच, की धोका सतरा हजारांत एकापेक्षा जास्त नसावा. तो दहा लाखांत एक असेल किंवा वीस हजारांत एक असेल, दोन्हीही या शून्यात मावतात. एका माणसाच्या कारकिर्दीत "माझ्या हातून कधी काही झालं नाही" हे खरं असूनही त्यातून फारसं सिद्ध होत नाही.

फॅमिली डॉक्टर मधल्या जागी उभे आहेत. त्यांना बरे झालेलेही भेटतात, आणि एखादा बिघडलेलाही. "कंबर चालेल, मान नको" हे त्यांचं वाक्य घाबरट वाटेल, पण माझ्या मते तिघांत तेच सत्याच्या सर्वांत जवळ आहे.

अमेरिकन हार्ट असोसिएशन आणि अमेरिकन स्ट्रोक असोसिएशन यांनी २०१४ मध्ये या विषयावर निवेदन काढलं. त्यात दोन्ही बाजू सांभाळलेल्या दिसतात: मानेचं मॅनिप्युलेशन आणि डिसेक्शन यांचा संबंध दिसतो, त्यातून मॅनिप्युलेशनच कारण हे सिद्ध होत नाही, प्रमाण बहुधा कमी आहे, पण मानेला हात लावण्यापूर्वी पेशंटला या संबंधाची कल्पना द्यायलाच हवी. या शेवटच्या कलमासाठी मी ते निवेदन फार मानते. तुमच्या मैत्रिणीला किंवा तुम्हाला वेळ देताना कुणी हे सांगितलं का? पत्रात तसा उल्लेख नाही.

आणि खरं सांगायचं तर कारण-परिणामाचा हा वाद मिटेपर्यंत तुम्ही थांबायची गरज नाही. दोन्ही बाजू खऱ्या धरून पाहा. चीर आधीच असेल, तर त्या मानेला झटका देणं वेडेपणा आहे, यावर कायरोप्रॅक्टरसुद्धा सहमत होतील. आणि चीर नसेल, धमनी ठणठणीत असेल, तर त्या झटक्यातून मिळणार काय आहे ते पाहायला हवं. या दुसऱ्या प्रश्नाबद्दल भांडणाच्या भरात कुणी बोलतच नाही.

मिळतं ते फार नाही. ऑस्ट्रेलियात नव्याने मान दुखू लागलेल्या १८२ जणांवर एक चाचणी झाली, २०१० साली प्रसिद्ध झाली. निम्म्यांना मानेचा वेगवान झटका, तो 'कट्' आवाज येणारा. निम्म्यांना मोबिलायझेशन, म्हणजे सांधा हाताने हळूहळू, लयीत, झटका न देता हलवणं. झटकावाल्यांना बरं व्हायला साधारण ४७ दिवस लागले, हळुवारवाल्यांना ४३. दोहोंत काहीच फरक नाही म्हणायचा. २०१२ मध्ये अमेरिकेत २७२ जणांवर झालेल्या चाचणीत औषधांपेक्षा मॅनिप्युलेशन सरस ठरलं, हे मान्यच करायला हवं. पण त्याच चाचणीत तिसरा गट होता. त्यांना मानेचे व्यायाम शिकवून घरी करायला सांगितले होते. ते मॅनिप्युलेशनच्या तोडीस तोड निघाले.

जिथे फायदा तोच मिळवायचे दोन-तीन बिनधोक रस्ते आहेत, तिथे लाखातला एक धोका तरी का पत्करायचा? माझं या विषयावरचं मत एवढ्यावर ठरलं आहे, आणि ते मानेपुरतं आहे.

कंबरेचं वेगळं आहे. तिथे मेंदूला जाणारी धमनी नाही. २०१७ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात २६ चाचण्यांचा आढावा आला. नव्या कंबरदुखीत मॅनिप्युलेशनने सहा आठवड्यांपर्यंत दुखणं आणि हालचाल यांत माफक सुधारणा होते, शंभराच्या मापावर दुखणं दहाएक अंकांनी उतरतं, असं त्यात दिसलं. चाचण्यांमध्ये गंभीर इजा नोंदली गेली नाही. मात्र मोठ्या पाहण्यांत निम्म्याहून जास्त लोकांना नंतर दिवस-दोन दिवस अंग दुखणं, आखडणं, डोकं दुखणं असा त्रास झाला. त्याच वर्षी अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने कंबरदुखीच्या बिनऔषधी उपायांत शेक, मसाज यांच्या बरोबरीने मॅनिप्युलेशनला जागा दिली. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ च्या मार्गदर्शनात जुनाट कंबरदुखीसाठी त्याला एक पर्याय म्हणून स्थान दिलं. तुमच्या मैत्रिणीला बरं वाटलं ते खोटं नाही. तिची कंबर होती, तुमची मान आहे, एवढाच फरक.

कंबरेतही एक धोका आहे, फार क्वचित. सरकलेली गादी मोठी असेल तर झटक्यानंतर खालच्या नसांचा जुडगा दाबला जाऊ शकतो. लघवी अडणं किंवा नकळत होणं, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणं, दोन्ही पाय लुळे वाटणं, असं काहीही झालं तर त्याच तासाला रुग्णालय गाठायचं. मैत्रिणीलाही सांगून ठेवा.

तो आवाज. पुष्कळांना वाटतं, 'कट्' वाजलं म्हणजे हाड जागेवर बसलं. तसं काही होत नाही. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये बोट ओढून मोडताना त्याचं एमआरआयखाली चित्रण केलं. सांध्याच्या द्रवात त्या क्षणी एक पोकळी तयार होते, आवाज तिचा. निखळलेलं काही जागी आलेलं नसतं, कारण मुळात काही निखळलेलंच नसतं. नंतर मोकळं वाटतं हे खरं, पण आवाज आला नाही म्हणून उपचार फसला असं मानायचं कारण नाही, आणि "वाजेपर्यंत पुन्हा करा" असं तर कधीच सांगू नका.

कायरोप्रॅक्टिकची सुरुवातच या 'जागेवरून हललेल्या' मणक्याच्या कल्पनेतून झाली. १८९५ मध्ये अमेरिकेतल्या डॅव्हनपोर्ट गावी डॅनियल डेव्हिड पामर यांनी एका बहिऱ्या सफाई कामगाराची पाठ दाबून त्याचं ऐकू येणं परत आणल्याचा दावा केला, आणि बहुतेक सगळे आजार मणक्यांच्या अशा सरकण्यातून होतात असा सिद्धान्त मांडला. वैद्यक व्यवसायाने तो कधी स्वीकारला नाही. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९६३ मध्ये भोंदूगिरीविरोधी समिती नेमून कायरोप्रॅक्टिकविरुद्ध मोहीमच उघडली. कायरोप्रॅक्टर १९७६ मध्ये कोर्टात गेले आणि १९८७ मध्ये न्यायालयाने असोसिएशनला स्पर्धाविरोधी कटाबद्दल दोषी ठरवलं. हे सांगण्याचं कारण असं, की डॉक्टर या विषयावर बोलताना आवाज चढतो त्यात थोडा वाटा या जुन्या वैराचाही आहे, आणि तो पेशंटच्या काही कामाचा नाही. आज पुष्कळ कायरोप्रॅक्टर तो जुना सिद्धान्त बाजूला ठेवून फक्त पाठ, कंबर, मान यांवर, व्यायामासकट काम करतात. काही अजूनही दमा, कानाचे आजार, तान्ह्या बाळाचं रडणं मणक्यातून बरं करू म्हणतात. त्यांच्याकडे जाऊ नका. बाळाला तर मुळीच नेऊ नका.

झटका फिजिओने दिला काय किंवा कायरोप्रॅक्टरने दिला काय, धमनीला पदवी कळत नाही. तेव्हा फिजिओथेरपिस्टबाईंकडे गेलात तरी मानेबद्दलचं माझं म्हणणं तेच राहील.

आईंबद्दल माझं उत्तर सरळ नाही असं आहे. हाँगकाँगमध्ये ५४,८४६ पेशंटांच्या साडेनऊ लाखांहून जास्त मॅनिप्युलेशन-सत्रांच्या नोंदी तपासल्या गेल्या, २०२३ मध्ये निष्कर्ष आले. गंभीर इजा फक्त दोन आढळल्या. दोन्ही बरगड्या मोडल्याच्या, आणि दोन्ही साठीपुढच्या, हाडं ठिसूळ झालेल्या स्त्रियांच्या. एकूण आकडा दिलासा देणारा आहे, पण त्या दोन स्त्रियांच्या जागी मला तुमच्या आई दिसतात. त्यात रक्त पातळ ठेवणारी गोळी. आत कुठे रक्तस्राव झाला तर तो लवकर थांबणार नाही. आणि आणखी एक, जे तुम्ही लिहिलेलं नाही म्हणून विचारते: आईंचं पाठदुखणं नवीन आहे का? ठिसूळ हाडांच्या बाईचा मणका वाकून काही उचलताना किंवा नुसत्या खोकल्यानेही दबून मोडू शकतो, आणि ते 'पाठ धरली' म्हणून अंगावर काढलं जातं. कुणाचेही हात लागण्याआधी त्यांच्या पाठीचा साधा एक्स-रे काढून घ्या आणि हाडांच्या औषधाबद्दल त्यांच्या डॉक्टरांशी बोला. गोळी मात्र कुणाच्याही सांगण्यावरून परस्पर बंद करू नका, ती त्यांना स्ट्रोकपासूनच वाचवते आहे.

आता तुमचा गुरुवार. धमन्या ठीक निघाल्यात, तेव्हा जायला माझी हरकत नाही, पण टेबलावर आडवं होण्याआधी बसूनच बोला. "माझ्या मानेला झटका द्यायचा नाही, हळुवार मोबिलायझेशन आणि व्यायाम चालतील" हे स्पष्ट सांगा. चांगला कायरोप्रॅक्टर हे सहज मान्य करतो. मग पाहा, तो तुम्हाला काय विचारतो. दुखणं कधी सुरू झालं, आधी असं झालं होतं का, चक्कर, दिसण्यात फरक, हातात मुंग्या, पडणं-आपटणं, कॅन्सर, संधिवात, स्टेरॉइड, रक्तदाब, चालू गोळ्या. हे न विचारता कुणी मानेला हात घालत असेल तर उठून निघा. सुरुवातीलाच वीस-पंचवीस खेपांचं पॅकेज पुढे केलं तरी निघा. चार-सहा खेपांत फरक पडला नाही तर पुढे पडण्याची आशा कमीच असते. तुमच्या भागात या व्यवसायाची कायदेशीर नोंदणी आहे का, तेही विचारा. काही देशांत ती सक्तीची आहे, काही ठिकाणी कुणीही पाटी लावू शकतो.

आणि मानेवर कसलाही उपचार झाल्यानंतर, त्या दिवशी किंवा पुढच्या काही दिवसांत, एकाचे दोन दिसणं, बोलणं जड होणं, गिळताना अडकणं, तोल जाणं, चेहरा किंवा एक बाजू बधिर होणं, एकदम भोवळ, न थांबणारी उलटी, किंवा आयुष्यात न दुखल्यासारखं डोकं-मान दुखणं, यांतलं एकही झालं तर पुन्हा त्या कायरोप्रॅक्टरकडे नाही, माझ्याकडे नाही, मामेभावाच्या फोनची वाट पाहणं नाही, थेट स्ट्रोकची सोय असलेलं रुग्णालय. गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. तिथे गेल्यावर "मानेवर उपचार झाला होता" हे आपणहून सांगा. डॉक्टर मानेच्या धमन्या लगेच पाहतील.

व्यायाम तुमच्या फिजिओथेरपिस्टबाईंकडूनच शिकून घ्या, त्यांचा हात तुम्हाला माहीत आहे. लॅपटॉपचा पडदा डोळ्यांच्या पातळीवर येईल असा उंच करा, वेगळा कीबोर्ड जोडा, अर्ध्या तासाने उठा. सहा आठवड्यांनी मान कशी आहे ते मला कळवा, आणि आईंचा एक्स-रे झाला की तोही पाठवा.